प्रेक्षक हसले म्हणजे आमचा स्लॅशर भयपट फसला का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मित्रमंडळींनी वर्गणी काढून तुम्ही मराठीत एक छोटा स्लॅशर भयपट केला. मुखवटा घातलेला खुनी आणि एकेक करून त्याच्या तावडीत सापडणारे कॉलेजचे तरुण, अशी त्याची सरळ गोष्ट आहे. निम्मे चित्रीकरण वेताळ टेकडीच्या परिसरात झाले आणि पहिला खेळ पुण्यातच, बहुतांशी ओळखीच्या माणसांसमोर झाला. जिथे सभागृह गारठेल असे तुम्हाला वाटले होते तिथे लोक हसले, त्यांनी शेरे मारले, खुनाच्या एका प्रसंगाला तर टाळ्याही पडल्या. खेळानंतर कोणी ‘मजा आली’ म्हणाले, तर कोणी ‘हा भयपट होता की विनोदी चित्रपट?’ असे विचारले. या प्रतिक्रियांवरून चित्रपट फसला असे मानावे का, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे.

केवळ हसण्यावरून तसे मानता येणार नाही. लोक नेमके कोणत्या क्षणी हसले, कोण हसले आणि हसून झाल्यावर सभागृह पुन्हा पडद्याकडे वळले की नाही, या तीन गोष्टी कळल्याशिवाय त्या हसण्याला काहीच अर्थ लावता येत नाही. मी कोथरूडमधल्या एका लहान फिल्म क्लबचे खेळ लावण्याचे काम करते. प्रोजेक्टरजवळ बसणाऱ्या माणसाला पडद्याइतक्याच प्रेक्षकांच्या पाठी दिसत असतात, आणि भयपटाच्या वेळी त्या पाठी खेळानंतरच्या बोलण्यापेक्षा बरेच खरे सांगतात, असे माझे मत झाले आहे.

दचकवणारा क्षण नीट साधला, तर आधी सगळ्यांचे खांदे एकदम वर जातात, एखादी किंकाळी उठते आणि पुढच्याच क्षणी हशा पिकतो. हा सुटकेचा हशा असतो. शरीर घाबरलेले असते, पण आपण खुर्चीत सुरक्षित आहोत हे लक्षात आल्यावर साठलेला ताण कुठून तरी बाहेर पडावाच लागतो, आणि शेजारी ओळखीचे माणूस असेल तर तो हसण्यातून पडतो. असा हशा लवकर विरतो आणि त्यामागून येणारी शांतता आधीच्या शांततेपेक्षा गडद असते. तुमच्या खेळात असे झाले असेल, तर ती तुमच्या कामाची पावती आहे. दुसरे हसणे याच्या अगदी उलट चालीचे असते. ते एखाद्या कोपऱ्यात एकट्यादुकट्याने सुरू होते, हळूहळू पसरते आणि पुढच्या प्रसंगातही रेंगाळत राहते. खुन्याचा मुखवटा सरकला, रक्ताचा रंग सरबतासारखा दिसला, मेलेल्या मुलाची पापणी हलली, की ते सुरू होते, आणि एकदा सुरू झाले की त्यानंतरची दहा मिनिटे तुमची राहत नाहीत.

या दोहोंखेरीज शेरेबाजी आहे, आणि तिच्याबद्दल तुम्ही विनाकारण मनाला लावून घेतले आहे असे वाटते. ‘अगं, आत जाऊ नकोस’ असे कोणी ओरडले, तर तो माणूस तुमच्या नायिकेची काळजी करतो आहे. स्लॅशरची रचनाच अशी असते की, दाराआड कोण उभे आहे हे प्रेक्षकाला दिसते आणि पात्राला दिसत नाही. ज्याला जास्त माहीत आहे तो गप्प कसा बसणार? त्यातून हे पुणे आहे. पुरुषोत्तम करंडकाच्या वेळी भरत नाट्य मंदिरात ‘आव्वाज कुणाचा’ या आरोळीने छप्पर दणाणून सोडणारी आणि एकांकिका सुरू झाली की डोळ्यांत तेल घालून ती पाहणारी मुलेच उद्या तुमचे प्रेक्षक असणार आहेत. आरडाओरडा आणि लक्ष या दोन गोष्टी त्यांच्या ठिकाणी सुखाने एकत्र नांदतात. मला काळजी वाटते ती अंधारात एकामागून एक उजळणाऱ्या मोबाइलच्या पडद्यांची, कारण फोन पाहणारा माणूस शेराही मारत नाही आणि दचकतही नाही.

आता टेकडीबद्दल. तुमच्या चित्रपटातल्या पाठलागाला सर्वांत मोठा हशा पडला असे तुम्ही लिहिले आहे, आणि मला त्याचे जराही आश्चर्य वाटले नाही. माथ्यावर वेताळाचे देऊळ असूनही त्या टेकडीची भीती पुण्यात फारशी कोणाला वाटत नाही. तिथे सकाळी आजीआजोबा चालायला येतात, मुले धावण्याचा सराव करतात, पक्षी पाहणारे दुर्बिणी घेऊन फिरतात. त्या वाटेवर कुऱ्हाड घेतलेला माणूस दिसला की प्रेक्षकाला आधी ती वाट ओळखू येते आणि मग कुऱ्हाड दिसते. त्यातच खुनी झालेल्या मित्राची चाल अर्ध्या सभागृहाला पाठ असेल, तर मुखवट्याचा उपयोगच संपला. हे ओळखीचे हसणे आहे आणि ते तुमच्या चित्रपटाबद्दल काहीही सांगत नाही. नगरला किंवा साताऱ्याला, जिथे ती वाट आणि तो मित्र दोन्ही अनोळखी आहेत, तिथे तोच प्रसंग कदाचित मुकाट्याने पाहिला जाईल. उलट, तुम्हाला मिळालेल्या कौतुकातलाही काही भाग ओळखीपोटीच असणार, हेही त्याच हिशेबात धरावे लागेल.

सोबत कोण बसले आहे यावर भयपटाची गोडी किती बदलते, याचा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. डॉल्फ झिलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कॉलेजच्या विद्यार्थ्यांना ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ या स्लॅशर चित्रपटमालिकेच्या तिसऱ्या भागातला अंश दाखवण्यात आला. प्रत्येकाच्या शेजारी मुलग्यासाठी मुलगी आणि मुलीसाठी मुलगा असा एक जोडीदार बसवला होता, आणि तो जोडीदार ठरवून दिल्याप्रमाणे भेदरल्याचे, अजिबात न घाबरल्याचे किंवा काहीच न वाटल्याचे नाटक करत होता. शेजारची मुलगी भेदरलेली असली की मुलांना तो अंश सर्वांत जास्त आवडला, आणि शेजारचा मुलगा भेदरलेला असला की मुलींना तो सर्वांत कमी आवडला. पडद्यावरची दृश्ये मात्र सर्वांसाठी तीच होती. तेव्हा कॉलेजच्या टोळक्याने तुमच्या खुनाला वाजवलेल्या टाळ्या बऱ्याच अंशी एकमेकांना ऐकवण्यासाठी होत्या, असे धरून चालायला हरकत नाही. आपण घाबरलो नाही हे शेजाऱ्याला कळावे, ही त्या वयातली मोठी गरज असते. (त्यातला एखादा त्या रात्री घरी एकटा असताना स्वयंपाकघरातला दिवा चालू ठेवून झोपला असेल, पण ते तो तुम्हाला सांगणार नाही.)

पैसे कमी होते म्हणून लोक हसले, ही तुमची समजूत मला पटत नाही. जॉन कार्पेंटर यांचा १९७८ चा ‘हॅलोवीन’ सुमारे सव्वातीन लाख डॉलरमध्ये झाला आणि त्याने जगभरात सुमारे सात कोटी डॉलर मिळवले. त्यातला खुन्याचा मुखवटा हा मुळात ‘स्टार ट्रेक’मधल्या कॅप्टन कर्कचा, दुकानात दोन डॉलरच्या आत मिळालेला. त्याच्या डोळ्यांची भोके मोठी केली, केस बदलले आणि त्याला पांढरा रंग दिला, एवढेच. गोष्ट शरद ऋतूतली आणि चित्रीकरण कॅलिफोर्नियात वसंतात, त्यामुळे रंगवलेली पाने रस्त्यावर पसरायची, प्रसंग झाला की गोळा करायची आणि पुढच्या प्रसंगाला पुन्हा पसरायची, असा सारा मामला होता. या सगळ्याला प्रेक्षक हसले नाहीत, कारण जे परवडत नव्हते त्याच्याकडे चित्रपटाने त्यांना रोखून पाहूच दिले नाही. मुखवटा बराच काळ सावलीत, चौकटीच्या कडेला किंवा दूर कुंपणाआड राहतो, आणि तो जवळून दिसेपर्यंत प्रेक्षकाने त्याच्यामागे स्वतःच्या मनातले काहीतरी भरून ठेवलेले असते.

त्याच चित्रपटाची दुसरी हकिकत तुमच्या अधिक उपयोगाची आहे. संगीत आणि ध्वनिपरिणाम घालण्यापूर्वीची प्रत कार्पेंटर यांनी एका मोठ्या स्टुडिओतल्या तरुण अधिकारी बाईंना दाखवली आणि त्या अजिबात घाबरल्या नाहीत. मग चित्रपट संगीताने वाचवायचा असे कार्पेंटर यांनी ठरवले आणि पियानोवरची ती पाच मात्रांची, कुठेही टेकू न देणारी धून स्वतःच रचली. चित्रे तीच राहिली आणि प्रतिक्रिया मात्र पालटली. छोट्या मराठी चित्रपटांच्या खेळांना बसताना मला हेच वारंवार जाणवते की, चेष्टेच्या हसण्याचे मूळ डोळ्यांपेक्षा कानांत जास्त वेळा सापडते. चाकूचा आवाज इंटरनेटवरच्या फुकट साठ्यातून घेतलेला असतो आणि तो प्रेक्षकाने दहा ठिकाणी ऐकलेला असतो. पात्रे मोकळ्या माळावर आणि त्यांचे आवाज मात्र बंद खोलीतले, असे डबिंग झालेले असते. दोन संवादांच्या मधल्या जागेत रातकिडे अचानक थांबतात आणि पुन्हा सुरू होतात. प्रेक्षकाला यातले काहीही नाव घेऊन सांगता येत नाही, त्याला फक्त काहीतरी खोटे आहे एवढे कळते आणि तो हसतो. खेळ एखाद्या संस्थेच्या सभागृहात झाला असेल आणि ध्वनिवर्धक भाषणांसाठी बसवलेले असतील, तर दबक्या आवाजातले संवाद मागच्या रांगांपर्यंत पोहोचलेच नसतील, ही शक्यताही तपासून पाहा.

संवादांचा मुद्दा निघालाच आहे म्हणून सांगते. आपल्या भयपटांतली तरुण मंडळी जीव मुठीत धरून पळत असतानासुद्धा कर्ता, कर्म, क्रियापद जागच्या जागी ठेवून बोलतात, आणि बोलताना एकमेकांना नावाने हाक मारून माहिती पुरवतात. नाटकाची सवय असलेल्या नटांकडून हे नकळत होते. घाबरलेले माणूस वाक्य पुरे करत नाही, हे एवढे एक ध्यानात ठेवून संवादांना कात्री लावली, तर अर्धे हशे आपोआप कमी होतील.

रक्ताबाबत मात्र ‘दाखवू नका’ हा सल्ला मी डोळे मिटून देणार नाही. टोबी हूपर यांचा १९७४ चा ‘द टेक्सास चेन सॉ मॅसॅकर’ नावावरून वाटतो तेवढा रक्तबंबाळ नाही. थोडे सौम्य प्रमाणपत्र मिळावे या आशेने हूपर यांनी रक्त बेतानेच दाखवले होते, आणि तरीही प्रेक्षकांना त्यात भयंकर काही पाहिल्याचे आठवते. उलट, २०२२ चा ‘टेरिफायर २’ सुमारे अडीच लाख डॉलरमध्ये झाला आणि त्याने काहीच झाकून ठेवले नाही. तो पाहताना अमेरिकेतल्या चित्रपटगृहांत काही जणांना भोवळ आली, उलट्या झाल्या, अशा बातम्या आल्या. त्या बातम्या जाहिरातीच्या कामी आल्या आणि कमाई एक कोटी डॉलरच्या पुढे गेली. फरक एवढाच की, डेमियन लिओन हे त्याचे दिग्दर्शक स्वतः स्पेशल इफेक्ट्सच्या मेकअपमध्ये मुरलेले आहेत. तुमच्या गटात तसा हात असलेले कोणी असेल तर जरूर दाखवा. नसेल तर जखमेऐवजी जखम पाहणाऱ्याचा चेहरा दाखवा, तेवढा अभिनय तुमच्या नटांकडे आहे असे तुमच्या वर्णनावरून वाटते.

हसणे टाळायचेच नाही, हाही एक रस्ता आहे, आणि मराठीत तो चांगला मळलेला आहे. महेश कोठारे यांच्या १९९३ च्या ‘झपाटलेला’मध्ये खुनी गुंडाचा आत्मा बोलक्या बाहुल्यात शिरतो. त्या कल्पनेचे नाते १९८८ च्या अमेरिकी ‘चाइल्ड्स प्ले’शी आहे, पण तिथला खुनी बाहुला इकडे येताना लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या विनोदाच्या सोबतीने आला. तात्या विंचूला भिऊन पलंगाखाली पाहणारी आणि त्याच्याच नकला करणारी एक अख्खी पिढी त्यातून तयार झाली. रामदास पाध्ये यांचा बाहुला बाहुलाच दिसतो, तो माणूस असल्याचा आव कोणी आणत नाही, त्यामुळे चित्रपटाच्या खोटेपणावर हसण्याची सोयच उरत नाही. तुमचा चित्रपट मात्र गंभीर चेहऱ्याने सुरू होतो, असे तुम्ही लिहिले आहे. मग एखाददुसऱ्या हशाने बिचकून त्यात मागाहून विनोदी पात्र घुसडण्याचा मोह आवरा. प्रेक्षकाला दोन मनांचा चित्रपट लगेच ओळखू येतो.

समीक्षा आणि तारांकने यांच्याबद्दल थोडक्यातच लिहिते, कारण या प्रकारात त्यांच्यावर फार विसंबता येत नाही. १९८० मध्ये ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ आला तेव्हा जीन सिस्केल या शिकागोच्या नामवंत समीक्षकाने लोकांनी तो पाहू नये म्हणून शेवट मुद्दाम उघड केला, तरी सुमारे साडेपाच लाख डॉलरच्या त्या चित्रपटाने एकट्या अमेरिकेत चार कोटींच्या आसपास कमाई केली. अमेरिकेत पहिल्याच दिवशी चित्रपटगृहाच्या दारात प्रेक्षकांकडून श्रेणी घेणारी सिनेमास्कोअर ही संस्था आहे. तिच्याकडे भयपटांच्या वाट्याला इतर चित्रपटांपेक्षा खालच्या श्रेणी येतात, कारण मनासारखे घाबरवले नाही तरी लोक रागावतात आणि मनाच्या तयारीपेक्षा जास्त घाबरवले तरीही रागावतात. पण २०१२ च्या ‘द डेव्हिल इनसाइड’ची गोष्ट वेगळी होती. तो स्लॅशर नव्हता, भूतबाधेचा होता, आणि साधारण दहा लाख डॉलरमध्ये झालेला होता. तो ऐन रंगात आलेला असताना एकदम संपतो आणि उरलेल्या माहितीसाठी प्रेक्षकाला एका संकेतस्थळाकडे पाठवतो. लोकांनी चित्रपटगृहातच हुर्यो उडवली, सर्वांत खालची श्रेणी दिली, आणि पहिल्या आठवड्याची तुफान गर्दी दुसऱ्या आठवड्यात ओसरली. प्रेक्षक हलक्या मेकअपला हसून सोडून देतात, पण आपल्याला फसवले गेले असे त्यांना वाटले की मग ते हसतही नाहीत. तुमच्या खेळात शेवटाला कोणी चिडले असेल, तर ती एक प्रतिक्रिया मी सगळ्या हशांपेक्षा गंभीरपणे घेईन.

खुनाला पडलेल्या टाळ्यांनी तुम्ही अस्वस्थ झाला आहात, आणि ती अस्वस्थता मला रास्त वाटते, पण तीही या प्रकाराच्या स्वभावातलीच गोष्ट आहे. कॅरल क्लोव्हर यांनी स्लॅशर चित्रपटांवर सविस्तर लिहिले आहे. शेवटपर्यंत तगून राहणाऱ्या मुलीसाठी ‘फायनल गर्ल’ हा शब्द त्यांनीच रूढ केला. सुरुवातीला खुन्याच्या बाजूने ओरडणारा, बहुतांशी तरुण पुरुषांचा प्रेक्षकवर्ग शेवटाकडे त्या मुलीच्या बाजूला जातो आणि तिने उलटून वार केला की तितक्याच जोराने ओरडतो, असे त्यांचे निरीक्षण आहे. म्हणून पहिल्या तासात टाळ्या पडल्या यावर झोप उडवून घेऊ नका. शेवटच्या पंधरा मिनिटांत त्या टाळ्यांनी बाजू बदलली का, हे आठवून पाहा. बदलली नसेल, तर नायिकेला तुम्ही पुरेसे उभे केलेले नाही, आणि ते काम मेकअप किंवा ध्वनीने भरून निघणारे नाही. त्यासाठी तिचे सुरुवातीचे प्रसंग पुन्हा लिहावे लागतील, जमल्यास दोन दिवसांचे चित्रीकरणही पुन्हा करावे लागेल.

पुढचा खेळ लावाल तेव्हा सभागृहाच्या मध्यावर एक फोन ध्वनिमुद्रणासाठी ठेवा, तसे मुद्रण होणार असल्याचे प्रेक्षकांना आधी सांगा, आणि नंतर ते मुद्रण चित्रपटाच्या शेजारी लावून ऐका. किंकाळीमागून आलेले हशे जसेच्या तसे राहू द्या. दोन वेगळ्या गावांत, वेगळ्या प्रेक्षकांसमोर ज्या जागी तोच रेंगाळणारा हशा येईल, तेवढ्याच जागा संकलकाकडे न्या. अनेकदा वार झाल्यानंतरचे अर्धे सेकंद कापले तरी काम होते, कारण नकलीपणा वाराच्या क्षणापेक्षा त्यानंतर रेंगाळणाऱ्या कॅमेऱ्याला जास्त दिसतो. खेळ संपल्यावर ‘आवडला का’ असे विचारू नका, त्याला पुण्यातही लोक हो म्हणतात. खुनी कोण हे त्यांना केव्हा कळले, आणि मेलेल्यांपैकी कोणाचे वाईट वाटले, एवढेच विचारा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मध्यंतराच्या आधीचे निघाले तरी ते चालवून घेता येते. दुसऱ्याला कोणीच कोणाचे नाव घेतले नाही, तर मात्र चित्रपट पुन्हा टेबलावर घ्यावा लागेल. प्रमाणपत्रासाठी तो पाठवण्याचा विचार असेल, तर हे सगळे त्याआधीच उरका, कारण प्रमाणपत्र मिळाल्यानंतर केलेला प्रत्येक बदल सेन्सॉर मंडळाला कळवावा लागतो. आणि त्या पुढच्या खेळाला नटमंडळी आणि त्यांचे नातेवाईक यांना, कितीही रुसले तरी, बोलावू नका.